संगणकावर चालवलेला बत्ता

मी एकदा धडधडीत जिवंत असलेलं लिखाण बत्त्याने ठेचून मारलं. बत्ता लोखंडी, सासूबाईंच्या वेळचा. जागा म्हणजे नाशिकच्या आमच्या घराची बाहेरची खोली. साक्षीदार आमचे हे, आणि त्यांचं बोट त्याच वेळी मोडलं. लिखाण मेलंय असं समजून मी घाव घातले होते. ते मेलेलं नव्हतं. माझ्या घावांनी मेलं.

आता नातवंडांना वाटतं, आजी काय थंड डोक्याची! लॅपटॉपचा पडदा अडकला की आजी उठून चहा टाकते, पिते, परत येऊन बसते. त्यांनी ती जुनी बाई पाहिलेली नाही. नुकती निवृत्त झालेली, केसांना मेंदी फासणारी, सगळं आपल्याला येतं अशा तोऱ्यात वावरणारी आणि हाताची विलक्षण चपळ. तिच्याबद्दल मला काडीची माया नाही. कधी समोर आली तर आधी तिच्या हातातून बत्ता काढून घेईन आणि मग तिच्याच पाठीत एक घालेन.

ही बाई सरकारी कचेरीत टंकलेखिका होती. मराठी टाइपरायटरवर तिचा सगळा जन्म गेला. एका वेळी चार कागद आणि मध्ये कार्बन. शेवटच्या कागदावर अक्षर उमटायचं तर कळ दाबून चालत नसे, हाणावी लागे. बोटांना तीच सवय लागली. टाइपरायटर बिचारा ओतीव लोखंडाचा, मुकाट मार खाई. घरी संगणक आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात कीबोर्डची एक कळ उडून ह्यांच्या चहात पडली.

पुढे तर युद्धच सुरू झालं. जुन्या टीव्हीला डोक्यावर थापटी मारली की चित्र यायचं, म्हणून मी संगणकालाही थापट्या मारी. थापटीने भागलं नाही की चापट, चापटीने नाही तर बुक्की. माऊस हलेना तेव्हा घूस आपटतात तसा शेपटाला धरून भिंतीवर आपटला. भिंतीचा पोपडा पडला आणि माऊसचं पोट फुटून आतली गोळी कपाटाखाली गेली. त्या संगणकातली प्रणाली कोण्या ओळखीच्याने चोरून टाकून दिलेली. डीटीपीवाल्याकडून पेनड्राइव्ह आला की त्याबरोबर रोगराई यायची. मधूनच पडदा निळा पडे. वाक्य अर्धं असताना यंत्र आपलं आपण बंद होऊन पुन्हा सुरू होई. मग मी असा आरडाओरडा करी की एकदा शेजारीण दार वाजवून हळूच विचारायला आली, "काकू, काका मारतात का हो तुम्हाला?"

हे आतून म्हणाले, "मी कोपऱ्यात उभा आहे. या, बघून जा."

ह्यांना भिऊन कोपऱ्यात उभं राहायचं खरं तर कारण नव्हतं. हे पैलवान. कारखान्यात फिटर म्हणून नोकरी केली, पण ओळख लाल मातीची. दोन्ही कान चुरगाळून भज्यासारखे झालेले. घोटीच्या बाजूला एका जत्रेत एका गड्याचा खांदा ह्यांनी उखळातून काढला होता आणि कुस्ती सुटल्यावर स्वतःच बसवून दिला होता. हे सगळं ज्यांच्याकडे शिकले ते वस्ताद सायखेड्याचे. वस्ताद म्हातारे झाले, डोळ्यांत मोती पडून नजर गेली. तालमीतली माती कोणीतरी ट्रॅक्टरमध्ये भरून नेली आणि तिथे खतांचं दुकान झालं. तेव्हा वस्तादांनी ह्यांना बोलावून सांगितलं, "डाव अंगात ऱ्हात्यात. अंग गेलं की डाव गेले. तुझी बायको टायपिंगवाली हाय ना? माझे डाव उतरव. पुरं झालं की मला वाचून दाखव, मंग मी जायला मोकळा."

म्हणून आमच्या घरी रोज दुपारी आखाडा भरू लागला. हे सांगत, मी हाणत. सांगता सांगता ह्यांना राहवत नसे. लोडाला कवेत घेऊन कलाजंग डाव दाखवत आणि लोड भिंतीवर जाऊन फुटे. आमच्या घरातल्या सगळ्या उशांची आतडी त्या वर्षी बाहेर आली. लोड संपले की माझी पाळी.

"लिही. डाव्या हाताने मान अशी दाबायची, की समोरच्याला आपलीच छाती दिसली पाहिजे."

"दिसली. मान सोडा, मग लिहिते."

"थांब, पाय राहिला."

"पाय लावलात तर वरण करपेल, सांगून ठेवते."

कसा गुडघा मानेवर ठेवून समोरच्याचा श्वास कोंडायचा, नाकपट्टीने नाकाचं हाड कसं कुरकुरतं, देवळ्याच्या एका गड्याने हरता हरता ह्यांच्या दंडाचा लचका कसा तोडला, सगळं मी टाइप केलं. आणि कबूल करते, मला ते फार आवडे. कचेरीत सगळा जन्म 'उपरोक्त विषयास अनुसरून' टाइप करण्यात गेला होता. आता पहिल्यांदा माझ्या बोटांखाली हाडं मोडत होती.

हस्तलिखित पुरं होत आलं आणि नेमका रोगराईने शेवटच्या दोन पानांचा घास घेतला. मी बुक्क्या मारल्या. मुलगा म्हणाला, "आई, मारून रोग जात नाही. हे चोरीचं काढून टाकू. मी लिनक्स टाकतो."

मुलगा अंबडच्या एका कंपनीत नोकरीला. त्याची मित्रमंडळी ह्या मोकळ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागलेली. त्याने मला समजावलं की हे कोणा एकाच्या मालकीचं नाही, हजारो लोक मिळून बनवतात, आत काय आहे ते कोणीही उघडून बघावं, दुरुस्त करावं, दुसऱ्याला द्यावं.

"फुकट म्हणजे काहीतरी खोट असणार," मी म्हटलं.

"तू मसाल्याचं प्रमाण सगळ्या गल्लीला फुकट देतेस, त्यात खोट असते का?"

"असते. दगडफुलाचं मी कोणाला खरं सांगत नाही."

"मग हे तुझ्या मसाल्यापेक्षा बरं. ह्यात दगडफूलसुद्धा लिहिलेलं असतं."

त्याने सुट्टीच्या दिवशी बसून जुनं सगळं पुसलं, नवं टाकलं, आमचं हस्तलिखित तेवढं डिस्कच्या एका वेगळ्या कप्प्यात न पुसता राखलं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला निघून गेला. जाताना सांगून गेला, "काही अडलं तर हात लावू नकोस. मी येईपर्यंत थांब."

थांबायचं हे त्या बाईला माहीतच नव्हतं.

मी लसूण-खोबरं कुटत होते. कुटता कुटता वाटलं, बघावं तरी नव्या घरात पैलवान कसे दिसतात. तशीच उठले. बत्ता हातातच राहिला. फाइल उघडली.

पडद्यावर खिळ्यांचं पोतं फुटलेलं. मराठीचं एक अक्षर नाही. इंग्रजी ए-वर टोप्या, ई-वर टिंबं, मध्येच अर्धे कंस, उद्गारचिन्हं, कुठल्या परदेशी नाण्याच्या खुणा. 'ढाक' डाव जिथे लिहिला होता तिथे काटेकुटे. दुसरं पान उघडलं, तिसरं उघडलं. घोटीचा आखाडा गेला, देवळ्याचा गडी गेला, वस्ताद गेले. माझ्या डोळ्यांदेखत कोणीतरी माझ्या सगळ्या दुपारी जात्यात घालून दळल्या होत्या. मी फाइल बंद केली, उघडली, पुन्हा बंद केली. पिठाचे दाणे होत नाहीत.

मग माझा हात उठला.

पहिला घाव संगणकाच्या डब्याच्या माथ्यावर बसला. पत्र्याला परातीएवढा खळगा पडला आणि आतून भुंग्यासारखा आवाज येऊ लागला. तो आवाज मला कुत्सित वाटला. दुसरा घाव कुशीत. तिसऱ्याला पत्रा फाटला, आतल्या वायरी लोंबल्या. मी तोंडाने काय काय म्हणत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते की त्या हजारो भल्या माणसांच्या आयांचा त्यात उल्लेख होता. हे आतल्या खोलीतून धावत आले. पुढे काय होणार ते बहुधा त्यांना माझ्या आधी कळलं. डबा वाचवायला त्यांनी मध्ये हात घातला.

बत्ता खाली येत होता. आलाच.

ओल्या उसाचं कांडं मोडताना होतो तसा आवाज झाला. हे ओरडले नाहीत. उभ्या आयुष्यात कोणत्याही आखाड्यात ह्यांचं हाड मोडलं नव्हतं. ते तसेच उभे राहिले, बोट हाताला तिरकं लोंबतंय, नखातून रक्त थेंबथेंब कीबोर्डवर, आणि मला फक्त म्हणाले, "सोड."

मी बत्ता सोडला. तो टेबलाच्या कडेवर पडला, टेबल कलंडलं, आणि डबा धाडकन फरशीवर गेला. भुंगा थांबला.

डॉक्टरांनी पट्टी बांधता बांधता विचारलं, "काय पडलं हातावर?"

"बायको," हे म्हणाले.

संध्याकाळी मुलगा आला. खोलीत पाहिलं, वडिलांचा हात पाहिला, माझं तोंड पाहिलं. मी त्याच्यावरच धावून गेले, "तुझ्या त्या फुकट्या यंत्राने सगळं पुस्तक खाल्लं!" काय दिसलं ते सांगितलं. तो ऐकता ऐकता भिंतीला टेकून खाली बसला.

"आई, फॉन्ट नव्हता गं. नुसता फॉन्ट."

मग त्याने सांगितलं. आम्ही ज्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करत होतो, त्यात आत मराठी नसतंच. आत असतात इंग्रजी खुणा; फॉन्ट त्यांना वरून मराठी कपडे घालतो. नव्या प्रणालीत ते कपडे नव्हते, म्हणून सगळे उघडेनागडे दिसले. एकूण एक अक्षर जागच्या जागी शाबूत होतं. फॉन्टची एक बारकी फाइल टाकली की सगळा आखाडा पुन्हा उभा.

"मग टाक की आता!"

त्याने फुटक्या डब्यातून डिस्क उपसून काढली आणि माझ्या कानाशी हलवली. खुळखुळा वाजावा तशी ती वाजली.

"प्रत असेल ना? पेनड्राइव्हवर होती आपली प्रत."

त्याने डिस्क हळूच खाली ठेवली. मग म्हणाला, "त्याच पेनड्राइव्हवर मी लिनक्स भरून आणलं. तो आधी पुसावा लागतो."

मी इकडेतिकडे पाहू लागले. ह्यांनी पट्टीतला हात वर केला आणि घरी आल्यापासून पहिल्यांदाच तोंड उघडलं, "बत्ता देऊ नकोस तिला."

त्यानंतर ह्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. भांडण असतं तर बरं. भांडणात मी कोणालाही ऐकत नाही. पण पैलवान माणूस समोर बसून भाकरी खातो आणि तोंडातून अक्षर काढत नाही, हा मार फार लागतो. पुन्हा सांगा, मी पुन्हा टाइप करते, असं मी विनवलं. हे उठून गेले. तिकडे सायखेड्याहून निरोप येऊ लागले. वस्तादांनी आता अंथरूण धरलंय, जेवण कमी झालंय, रोज विचारतात, वाचायला कधी येतो. शेवटी एका सकाळी हे भिंतीकडे बघून म्हणाले, "मी नाही सांगणार त्यांना. तू मारलंस, तूच सांग."

सांगायला रिकाम्या हाताने जायची मला लाज वाटली. मुलाने एक जुना लॅपटॉप आणून दिला. त्यातही तेच मोकळं, पण अक्षरं आता खरीखुरी मराठी, कोणत्याही यंत्रावर मराठीच राहणारी. फक्त माझा टाइपरायटरचा कळफलक त्यात नीट बसत नव्हता. 'ळ' हाणला की भलतंच उमटे. 'ळ' नाही म्हणजे मोळी डाव नाही, कवळ डाव नाही, तालमीतला खेळ नाही. पूर्वीची सवय, मी गचांडी धरायला माणूस शोधू लागले. दुकानदार नाही, कंपनी नाही, साहेब नाही. मुलाने एक पत्ता दिला, म्हणाला, तो कळफलक सांभाळणारे लोक इथे असतात, त्यांना लिही. मी लिहिलं. चांगलं कडकडून लिहिलं. तुमचे हात झडोत इथपासून सुरुवात करून पानभर मजकूर.

उलट टपाली उत्तर आलं: "ताई, राग कळला. कोणती आवृत्ती आहे, आणि नेमकी कोणती कळ दाबल्यावर काय उमटतं, ते लिहून पाठवाल का?"

एवढंच. मी बुक्की उगारावी आणि समोरच्याने त्या हातात पेन द्यावं, तसं झालं. निमूट लिहून पाठवलं. काही दिवसांनी दुरुस्ती आली. कुठल्या गावचा कोण माणूस, त्याने स्वतःची झोप की सुट्टी घालवली कोण जाणे, पण माझा 'ळ' परत आला. मी आभाराच्या पत्रात त्याला मसाल्याचं प्रमाण पाठवलं. दगडफुलासकट.

मग आम्ही सायखेड्याला गेलो. एसटीत दोघं एका बाकावर, मध्ये लॅपटॉपची पिशवी. बोलणं नाही. वस्ताद पडवीत खाटेवर होते. छाती अजून कपाटासारखी, पण खाली सगळं वाळून गेलेलं. ह्यांनी पाय धरले आणि बाजूला जाऊन खांबाला टेकून बसले. मी खाली बसले आणि सांगून टाकलं. काटेकुटे, बत्ता, बोट, डिस्क, फॉन्ट. काही गाळलं नाही.

म्हातारा कोपरावर रेलून थोडा उठला. मग म्हणाला, "जवळ ये सूनबाई."

मी सरकले. त्यांचा हात हवेत चाचपडत आला, माझ्या खांद्यावर टेकला, आणि पुढच्या क्षणी माझी मान त्यांच्या पंजात होती. लाकडी पक्कड आवळावी तशी. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मला माझीच छाती दिसत होती.

"ह्याला ढाकेची पकड म्हन्त्यात," ते म्हणाले. "ह्यानं लिवून दिली व्हती ती?"

"होय," मी कशीबशी म्हटलं.

"चुकीची दिली आसंल. अंगठा हितं पायजे. लागला?"

"लागला, लागला!"

"मंग लिव."

त्यांनी मान सोडली आणि मी लॅपटॉप उघडला. म्हातारा सांगू लागला. अंगठा कुठे, टाच कुठे, समोरच्याच्या कुठल्या बरगडीत कोपर घातलं की तो तोंड उघडतो, तोंड उघडलं की कुठे दाबायचं. ह्यांना शिकवताना वस्तादांनी काही हातचं राखलं होतं, ते आता बाहेर येऊ लागलं. खांबाला टेकलेले हे आधी मान वळवून ऐकू लागले, मग सरकत सरकत खाटेपाशी आले. एके ठिकाणी न राहवून म्हणाले, "वस्ताद, हे मला कधी नाही दावलं?"

"तू मलाच टाकला आसता. गप ऐक."

दोन पानं झाली. वस्ताद दम खायला थांबले. मी हात आखडून बसले, ते पुढे सांगायची वाट बघत. आणि बघता बघता पडदा काळा झाला.

दिवा नाही, अक्षर नाही. नुसती काळी काच आणि त्यात मेंदी लावलेली एक बाई. हात आपला आपण वर गेला, मूठ आवळली गेली, बांगड्या वाजल्या.

वस्तादांना दिसत नव्हतं, पण बांगड्या ऐकू आल्या. त्यांनी खाटेवरून झडप घालून माझं मनगट हवेतच पकडलं. दोन काचेच्या बांगड्या तिथेच फुटल्या. एकीचा ओरखडा अजून आहे. मी धडपडले, पण ती पकड सुटण्यातली नव्हती. तेवढ्यात ह्यांनी वाकून आपलं ते वाकडं जुळलेलं बोट पुढे केलं आणि एक कळ हळूच दाबली. पडदा उजळला. यंत्राचा नुसता डोळा लागला होता. ढाक जिथे होती तिथेच होती, मराठीत, 'ळ'-सकट.

"आलं," हे म्हणाले. माझ्याशी म्हणाले.

वस्तादांनी माझं मनगट तसंच धरून ठेवलं आणि माझ्या तोंडाच्या अंदाजाने मान वळवून म्हणाले, "सूनबाई, पालथा पडल्याला गडी हारल्याला नसतोय. त्याची पाठ मातीला लागली का ते आधी बघावं, मंग बत्ता काढावा."